‘द गॉडफादर’ने अमेरिकन सिनेमात नेमके काय बदलले?

आपण विचारले आहे की, ‘लिटल सीझर’ आणि ‘द पब्लिक एनिमी’ हे गँगस्टरपट १९३१ मध्येच येऊन गेले होते, मग १९७२ च्या ‘द गॉडफादर’ने नवे असे काय केले? शिवाय हा चित्रपट आपल्याला संथ आणि फार काळोखा वाटला. दोन्ही मुद्दे रास्त आहेत. माझ्या मते, दुसऱ्या मुद्द्याचा उलगडा झाला की पहिल्या प्रश्नाचे उत्तरही त्यातच मिळते.

त्या जुन्या चित्रपटांतला गुंड हा मुळात एकटा माणूस असे. तो गरिबीतून वर चढे, काही काळ ऐटीत मिरवे आणि अखेर गोळ्यांना बळी पडे. १९३४ पासून कडकपणे लागू झालेल्या प्रॉडक्शन कोडने, म्हणजे हॉलिवूडने स्वतःवर घालून घेतलेल्या सेन्सॉर-नियमांनी, तर गुन्हेगाराला शिक्षा झालेली दाखवणे सक्तीचेच केले. हा कोड १९६८ मध्ये संपला, त्याच्या जागी प्रेक्षकांच्या वयानुसार वर्गवारी आली आणि त्या मोकळिकीत दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कपोला यांना वेगळा शेवट करता आला. डॉनचा, म्हणजे माफिया टोळीप्रमुखाचा, मुलगा मायकेल कॉर्लिओने मरत नाही, पकडलाही जात नाही. तो बापाच्या खुर्चीवर बसतो. प्रेक्षक त्याच्याकडे पोलिसांच्या किंवा वार्ताहरांच्या नजरेने पाहत नाही, तो त्या घरातच बसलेला असतो. सगळा बदल या एका जागेचा आहे, आणि संथपणा व काळोख हे दोन्ही त्याच बदलाचे परिणाम आहेत.

पहिलाच प्रसंग पुन्हा पाहा. काळ्या पडद्यावर आवाज येतो, ‘माझा अमेरिकेवर विश्वास आहे.’ मग बोनासेराचा चेहरा दिसतो. हा अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा गृहस्थ आहे. त्याच्या मुलीला दोन तरुणांनी बेदम मारले आहे आणि न्यायालयाने त्यांना जवळजवळ मोकळे सोडले आहे. तो बोलत राहतो आणि कॅमेरा इतक्या हळू मागे सरकतो की, आपण मागे जात आहोत हे सुरुवातीला कळतही नाही. सुमारे तीन मिनिटांनी चौकटीच्या कडेला एक खांदा आणि एक हात दिसू लागतो, आणि मगच लक्षात येते की, आतापर्यंत आपण हे गाऱ्हाणे डॉनच्या बाजूने ऐकत होतो. न्यायालय हरले म्हणून माणूस इथे आला आहे, हे एकाही भाषणाशिवाय प्रस्थापित होते.

छायालेखक गॉर्डन विलिस यांनी प्रकाश वरून सोडला, त्यामुळे डॉन झालेल्या मार्लन ब्रँडोचे डोळे अनेकदा सावलीतच राहतात. नटाचे डोळे दिसलेच पाहिजेत, हा स्टुडिओचा तोवरचा पक्का दंडक होता. मी हा चित्रपट प्रथम व्हिडिओ कॅसेटवर पाहिला, तेव्हा मलाही तो नुसता चिखलासारखा दिसला होता. पुढे फिल्म सोसायटीत चांगल्या प्रिंटवर पाहिला आणि त्या काळ्या रंगातही किती पायऱ्या आहेत, ते उमगले. बाहेर लग्नाचे लख्ख ऊन आणि आत अंधारी खोली, या विरोधावरच पहिला अर्धा तास उभा आहे. विलिस यांनीच पुढे ‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६) मधील पार्किंगच्या तळघराचा काळोख टिपला, आणि सत्तेचे व्यवहार अंधारात दाखवण्याची रीत अमेरिकन सिनेमात रुळली. अशा कामाला ऑस्करचे साधे नामांकनही मिळाले नाही, हा मला आजही अन्याय वाटतो.

बारशाच्या वेळचे हत्यासत्र सर्वाधिक अनुकरण झालेले असले, तरी मी त्याला तुलनेने कमी महत्त्व देतो, कारण आलटून-पालटून दृश्ये जोडण्याचे तंत्र मूकपटांचे दिग्दर्शक ग्रिफिथ यांच्या काळापासूनचे आहे. मला मायकेल पहिल्यांदा खून करतो तो रेस्टॉरंटचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. कॉर्लिओने कुटुंबाचा शत्रू सोलोझो इटालियनमध्ये बोलतो आणि खाली उपशीर्षके नाहीत; पार्श्वसंगीत नाही; मायकेल काहीच ऐकत नाही, हे आपल्याला त्याच्या डोळ्यांवरून कळते. तेवढ्यात न दिसणाऱ्या रेल्वेचा घरघराट चढत जातो आणि तो टिपेला पोहोचल्यावर पिस्तूल झडते. ध्वनीचे हे काम वॉल्टर मर्च यांचे आहे. पात्राच्या मनातला कोलाहल बाहेरच्या साध्या आवाजातून ऐकवण्याची ही युक्ती पुढच्या पिढीने मनापासून उचलली.

नटांच्या बाबतीतही असेच घडले. मायकेलच्या भूमिकेसाठी स्टुडिओला अल पचिनो नको होते. त्यांना रूढ अर्थाने देखणा, प्रस्थापित तारा हवा होता. कपोला हटून बसले. इटालियन वंशाच्या, बुटक्या, सावळ्या नटांनी मध्यवर्ती भूमिका करण्याचा मार्ग त्यामुळे पुष्कळच रुंद झाला.

प्रभाव म्हणजे केवळ अनुकरण नव्हे. काही जणांनी या चित्रपटाला उत्तरही दिले. मार्टिन स्कोर्सेसी यांच्या ‘मीन स्ट्रीट्स’ (१९७३) आणि ‘गुडफेलाज’ (१९९०) मध्ये डॉनचा वाडा नाही, गल्लीतली हलकी माणसे आहेत, आणि त्यांच्या निष्ठा पहिल्या धक्क्यालाच कोसळतात. १९९९ मध्ये सुरू झालेल्या ‘द सोप्रानोज’ या मालिकेतले गुंड तर स्वतःच कॉर्लिओने मंडळींचे संवाद म्हणून दाखवतात.

व्यवसायावरचा परिणाम थोडक्यात सांगतो. हा चित्रपट एकाच वेळी तीनशेहून अधिक चित्रपटगृहांत लागला आणि १९७५ मध्ये ‘जॉज’ने ही पद्धत आणखी पुढे नेली. १९७४ च्या दुसऱ्या भागाने सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवले, जे त्याआधी कोणत्याही उत्तरभागाला मिळाले नव्हते. नावापुढे आकडा लावण्याची हॉलिवूडची सवयही तिथूनच जोर धरू लागली. तिची फळे सगळीच गोड नाहीत.

आपण तो पुन्हा पाहणार असाल, तर खोलीतले दिवे मालवून पाहावा आणि शेवटच्या प्रसंगाकडे मुद्दाम लक्ष द्यावे. मायकेल आपल्या बायकोशी, केशी, धडधडीत खोटे बोलतो, ती निश्चिंत होऊन बाहेर जाते, आतली माणसे त्याच्या हाताचे चुंबन घेतात आणि तिच्या डोळ्यांदेखत दार लावून घेतले जाते. पहिल्या प्रसंगापासून आपण त्या खोलीत होतो. त्या क्षणी प्रथमच कॅमेरा आपल्याला केच्या सोबत दाराबाहेर उभे करतो.