नवी गाडी, ओला गालिचा आणि तीस दिवसांचं गणित

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये स्लाऊला राहतो. एका छोट्या ब्रिटिश कारखान्यानं वर्षाला मोजक्याच बनवलेल्या गाड्यांपैकी एक दोन आसनी स्पोर्ट्‌स कार ७४,५०० पौंडांना घेतली. १८,००० पौंड स्वतः भरले, त्यातले १,००० क्रेडिट कार्डावर. उरलेले ५६,५०० पीसीपी या हप्त्यांच्या योजनेवर. फायनान्सच्या कागदांवर सही ८ मार्चला, गाडी ताब्यात घेतली त्याच दिवशी शोरूममध्ये केली. उजव्या दाराची फट वर ४ मिलिमीटर आणि खाली साडेआठ. उन्हात बॉनेटचा रंग दारापेक्षा वेगळा दिसतो, मागच्या भागावर विणीसारखी नक्षी उमटते. पाऊस पडला की चालकाच्या सीटखालचा गालिचा ओला. प्रदर्शनात पाहिलेल्या गाडीचे आरसे नाजूक होते, माझे बोजड आहेत, आणि आतली बटणं एका साध्या हॅचबॅकची आहेत. २१ मार्चला ईमेलनं तक्रार केली, दुरुस्तीला हो म्हटलं. गाडी ३० मे रोजी परत मिळाली, १ जूनच्या पावसात पुन्हा पाणी आत. गाडी ४१० मैल चालली आहे. डीलर म्हणतो, हातानं बांधलेल्या गाडीचा तो स्वभावच आहे, आणि परत करायचे तीस दिवस कधीच संपले. पुण्याचे एक नातेवाईक ग्राहक आयोगात तक्रार कर म्हणतात. काय करू?

उत्तर : डीलरच्या बोलण्यातला ‘तीस दिवस संपले’ हा भाग आधी निकालात काढू, कारण तुमचं सगळं प्रकरण त्यावर उभं आहे. ते संपलेले नाहीत. १७ जूनच्या रात्रीपर्यंत तुमच्या हातात वेळ आहे.

हिशेब असा. ब्रिटनच्या ग्राहक हक्क कायदा, २०१५ च्या कलम २२ प्रमाणे सदोष माल थेट नाकारायला तीस दिवस मिळतात, आणि मोजणी ताब्याच्या दुसऱ्या दिवसापासून, म्हणजे ९ मार्चपासून. ग्राहकानं दुरुस्ती मागितली किंवा तिला संमती दिली की त्या दिवसापासून घड्याळ थांबतं आणि दुरुस्त माल परत हाती येतो त्या दिवसापर्यंत थांबलेलंच राहतं. ९ ते २० मार्च हे तुमचे बारा दिवस खर्च झाले. २१ मार्च ते ३० मे हा काळ मोजायचाच नाही. उरलेले अठरा दिवस ३१ मेपासून धावू लागले. अठरावा दिवस १७ जून. (तुमचे तीन-चारच दिवस उरले असते तरी परत मिळालेल्या सदोष मालासाठी कायदा किमान सात दिवस देतो.) शोरूममधल्या माणसाला हे ठाऊक नसेलही. पण म्हणून त्याच्याशी फोनवर वाद घालत बसू नका. वाद घालताना नकळत ‘बरं, पुन्हा एकदा बघा’ असं तोंडून गेलं, तर दुसऱ्या दुरुस्तीला संमती दिल्यासारखं होईल. मग त्यांना वाजवी मुदत द्यावी लागेल आणि तोवर गाडी नाकारता येणार नाही.

कलम २२ खाली नाकारलं तर पैसे पूर्ण परत. ४१० मैलांच्या वापराबद्दल कपात नाही. १७ जून उलटून गेला तरी दार बंद होत नाही. एक दुरुस्ती होऊनही माल करारानुसार नसेल तर कलम २४ खाली ‘शेवटचा नकार’ देता येतो, किंवा गाडी ठेवून किंमत कमी करून मागता येते. पण तिथं वापराची कपात लागते. इतर वस्तूंना पहिल्या सहा महिन्यांत ही कपात माफ आहे, मोटारींना नाही. उलट एक गोष्ट कलम २४ च्या बाजूनं आहे : सहा महिन्यांत दिसलेला दोष ताब्याच्या वेळीच होता असं कायदा धरून चालतो आणि तसं नव्हतं हे समोरच्यानं दाखवायचं. कलम २२ मध्ये हा आधार नाही. दोष पहिल्यापासून होता हे तुम्हीच दाखवायचं. म्हणून पत्र एकच लिहा आणि त्यात दोन्ही मागा : मुख्य मागणी कलम २२ ची, ती मान्य न झाल्यास पर्यायानं कलम २४ ची.

डीलर म्हणेल की आम्ही तीन गोष्टींपैकी दाराची फट सुधारली, पाण्याचं काम हा वेगळा दोष, त्याची संधी अजून बाकी आहे. तसं नाही. कलम २४(६) दुरुस्ती मोजताना दोष एक की अनेक हे बघत नाही. विनंती झाली, गाडी परत मिळाली, की एक संधी वापरली गेली. फरक पडला असता तो कारखान्याचा माणूस घरी येऊन काम करत असता तर. छोटे कारखाने हे बऱ्याचदा करतात, आणि तिथं ‘काम संपलं’ असं ते सांगेपर्यंत दुरुस्ती पूर्ण धरत नाहीत. चार फेऱ्या झाल्या तरी ती एकच. तुमची गाडी वर्कशॉपमध्ये होती हे बरंच झालं.

आता पत्र कुणाला? पीसीपी हा हायर पर्चेसचाच प्रकार. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालक फायनान्स कंपनी, आणि कायद्याच्या नजरेत तुम्हाला गाडी पुरवणारी तीच. नकाराचं पत्र तिला, प्रत डीलरला. नोंदणीच्या कागदावर, म्हणजे व्ही५सीवर, तुमचं नाव आहे म्हणून गोंधळू नका; तो कागद गाडी सांभाळणारा कोण ते सांगतो, मालक कोण ते नाही. क्रेडिट कार्डाच्या हजार पौंडांवरून कार्ड कंपनीकडे दाद मागण्याचा, म्हणजे कलम ७५ चा सल्ला तुम्हाला कुणी ना कुणी देईलच. ग्राहक पतपुरवठा कायदा, १९७४ चं ते कलम रोख किंमत १०० पौंडांहून जास्त आणि ३०,००० पर्यंत असेल तरच लागतं, आणि बघायची ती पूर्ण वस्तूची किंमत, कार्डावरची रक्कम नव्हे. त्या वाटेला जाऊ नका. तुम्हाला गरजही नाही. त्याच कायद्याचं कलम ५६ मात्र कामाचं आहे : करार होण्यापूर्वी डीलर गाडीबद्दल जे बोलला ते फायनान्स कंपनीच्या वतीनं बोलला असं धरलं जातं.

करार तुमच्या स्वतःच्या नावावर आहे ना, तेवढं आधी पाहा. तुम्ही कंत्राटी काम करत असाल आणि गाडी आपल्या लिमिटेड कंपनीच्या नावावर घेतली असेल, तर वर लिहिलेलं जवळजवळ सगळं गळून पडतं आणि व्यापाऱ्यांमधल्या व्यवहाराचे जुने, कडक नियम लागू होतात.

दोषांकडे येऊ. सगळ्यांचं वजन सारखं नाही, आणि पत्रात ते सारखं ठेवलंत तर खरा दोषही हलका होतो.

पाणी हा तुमचा हुकमाचा पत्ता आहे. नवी गाडी आत भिजते याला ‘स्वभाव’ म्हणता येत नाही, आणि सीटखालचा फोम ओला राहिला की तिथल्या वायरिंगच्या जोडण्या गंजतात, म्हणजे प्रश्न दिसण्यापुरता उरत नाही. पुरावा नीट गोळा करा. प्रेशर वॉशर लावू नका. लगेच ‘आमच्या पुस्तिकेत मनाई आहे’ असं उत्तर येईल. साधी नळी, तोंडाला काही न लावता, बारीक धार. खालून सुरुवात करून वर सरकायचं : आधी दाराचा तळ, मग आरशाचा पाया, काचेचा कडेचा रबर, शेवटी छताचा पुढचा सांधा. प्रत्येक जागी काही मिनिटं. आत दुसरा माणूस टॉर्च आणि कोरडे टिश्यू घेऊन बसवा आणि सलग व्हिडिओ घ्या. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडून ओघळतं आणि शिरतं कुठून ते कळतच नाही. चौकटीविना काच असलेल्या दारात बहुतेकदा दोष काचेच्या बैठकीचा असतो. काच वर गेल्यावर रबरात पुरेशी दबत नाही. दाराची फट खाली साडेआठ मिलिमीटर असेल तर दार बिजागरीवर तिरकं बसलंय असा संशय घ्यायला जागा आहे. तसं असेल तर फट आणि गळती हा एकच दोष ठरेल आणि तुमची बाजू फारच भक्कम होईल. तज्ज्ञाला हे मुद्दाम विचारा.

फटीवर एकटीवर मात्र अडचण आहे, आणि ती तुमच्या ८ मार्चच्या सहीतून येते. कलम ९(४) म्हणतं की करार होण्यापूर्वी ग्राहकानं माल तपासला असेल तर त्या तपासणीत जे दिसायला हवं होतं त्याची तक्रार नंतर चालत नाही. फायनान्सच्या कागदावर सही गाडी पाहिल्यानंतर झाली असेल तर ते म्हणतील, फट समोरच होती. उत्तर असं : ती तपासणी होती की चावी घेण्याचा समारंभ? डाव्या-उजव्या दारांची मोजमापं सामान्य माणूस तिथं घेत नाही. रंगाच्या बाबतीत हा आक्षेप आणखी लंगडा, कारण शोरूमच्या दिव्यांखाली छटेतला फरक लपतो. ‘गाडी उत्तम स्थितीत मिळाली’ या छापील पावतीवर सही केली असेल तर तिची धास्ती नको. कलम ३१ मुळे असल्या कागदानं कायदेशीर हक्क जात नाहीत.

रंग आणि ती विणीची नक्षी. फायबरच्या पॅनेलमध्ये राळ पुरती पिकण्याआधी रंग चढवला, किंवा नंतर उष्णतेनं ती आणखी आकसली, की आतलं कापड रंगातून वर दिसू लागतं. वापरामुळे होणारं हे नव्हे, म्हणून मूळ दोष दाखवायला सोयीचं. रंगाची जाडी मोजायचं नेहमीचं यंत्र फक्त धातूवर चालतं. फायबरवर अल्ट्रासॉनिक लागतं. ते नसलेला तज्ज्ञ नेमू नका. ‘पुन्हा रंगवून देतो’ हा प्रस्ताव आला तर लक्षात ठेवा, कारखान्याबाहेर रंगवलेलं पॅनेल पुढच्या गिऱ्हाइकाच्या यंत्रावर दिसतं आणि किंमत पडते. प्रकरण मिटेपर्यंत गाडीवर पारदर्शक फिल्म किंवा सिरॅमिकचा लेप चढवू नका.

‘हातानं बांधलेली’ या युक्तिवादात अर्धं तथ्य आहे. साच्यातून निघालेलं पॅनेल हातानं छाटून बसवतात, तिथं मिलिमीटरभराचा फरक कुठलाही समंजस माणूस समजून घेईल. पण कलम ९ दर्जा ठरवताना किंमत आणि वर्णन विचारात घ्यायला सांगतं, आणि रूप, सफाई, बारीक दोषांचा अभाव यांची नावं घेऊन यादीच देतं. न्यायालयांचा कलही तोच आहे. १९८७ च्या रॉजर्स विरुद्ध पॅरिश या रेंज रोव्हरच्या खटल्यात अपील न्यायालयानं म्हटलं की नवी गाडी नुसती इकडून तिकडे नेण्यासाठी नसते, तिच्या आतल्या-बाहेरच्या रूपाचा अभिमान हाही खरेदीचा भाग. आणि वॉरंटी आहे म्हणून ग्राहकानं कमी अपेक्षा ठेवावी असं नाही. २००३ च्या क्लेग विरुद्ध अँडरसनमध्ये, तिथं वस्तू महागडी नौका होती, न्यायमूर्ती हेल यांनी लिहिलं की उंची मालाच्या ग्राहकाला जवळजवळ निर्दोष वस्तूची अपेक्षा ठेवता येते. या दोन निवाड्यांची नावं पत्रात घाला. कारखान्याकडे फटीची स्वतःची मर्यादा किती, तेही लेखी विचारा, आणि जमल्यास त्याच मॉडेलच्या दोन गाड्यांवर तेच माप घ्या. तुमच्या डाव्या दाराचं मापही द्या. तेच हात, तोच कारखाना.

आरसे : प्रदर्शनातली गाडी पाहून घेतलेल्या मालाला कलम १४ लागतं, फरक आधी सांगितला नसेल तर माल नमुन्यासारखाच हवा. पण प्रदर्शनात ठेवलेला बहुतेकदा प्रोटोटाइप असतो आणि माहितीपत्रकात तशी ओळ कुठेतरी असते. ती शोधा. असेल तर हा मुद्दा सोडा. ‘पूर्वसूचनेशिवाय बदल करू’ एवढंच कलम असेल तर ते एकटं पुरेसं नाही. बटणांचा मुद्दा तर आताच सोडा. छोट्या कारखान्याला स्वतःची बटणं आणि दिवे घडवणं परवडत नाही. ॲस्टन मार्टिनच्या डीबी७ ला मागचे दिवे माझदा ३२३ चे होते. आवडनिवड हा करारभंग नव्हे.

पत्र इंग्रजीत, ईमेलनं आणि सही घेऊन पोचणाऱ्या टपालानं, १० जूनच्या आत. त्यात ‘रिजेक्ट’ हा शब्द स्पष्ट हवा. ‘मी फार नाराज आहे’ यानं काम होत नाही. कराराचा क्रमांक, वरच्या चारही तारखा, मैलांच्या आकड्याचा फोटो, दोष वजनाच्या क्रमानं, आणि गाडी अमुक ठिकाणाहून घेऊन जा असं सांगणारं वाक्य. तज्ज्ञाचा अहवाल तोवर आला नाही तर थांबू नका. पत्र आधी, अहवाल मागाहून. अहवालात ‘दोष ताब्याच्या वेळी होता, वापरामुळे झालेला नाही’ हे वाक्य कारणासह हवंच. हक्क मान्य झाल्यापासून चौदा दिवसांत पैसे परत करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

पत्र गेलं की गाडी चालवू नका. विमा मात्र चालू ठेवा. हप्ते थांबवू नका, नाहीतर तुमची पतनोंद खराब होईल. ‘हक्क राखून भरत आहे’ असं एकदा लेखी कळवा आणि ते परत मागा.

फायनान्स कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात. उत्तर नकारार्थी आलं, किंवा आलंच नाही, तर फायनान्शियल ओम्बुड्समनकडे, म्हणजे वित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी सोडवणाऱ्या यंत्रणेकडे, जा. अंतिम उत्तराच्या तारखेपासून सहा महिन्यांत. तिथं फी नाही, निकाल तुम्ही मान्य केलात तर कंपनीला बांधील, आणि अमान्य असेल तर न्यायालय उघडं राहतं. आधी न्यायालयात जाण्याचा मोह टाळा : १०,००० पौंडांपर्यंतच छोट्या दाव्यांची स्वस्त वाट आहे, तुमच्या रकमेला हरल्यास समोरच्याचा वकिली खर्च अंगावर येऊ शकतो.

पुण्याच्या ग्राहक आयोगाचा इथं उपयोग नाही. करार, गाडी आणि विक्रेता तिन्ही इंग्लंडमधले आहेत.

या दिवसांत डीलरकडून सर्व्हिसिंग फुकट किंवा चाकांचा नवा संच असा प्रस्ताव येण्याची शक्यता बरीच आहे, सोबत ‘पूर्ण व अंतिम समझोता’ असं लिहिलेला एक पानी कागद. तो सही न करता मला पाठवा.