भिंगाखाली ओळखला, मग डीएनए कशाला?

प्रश्न: हिवताप विभागाची माणसं सकाळी बॅटरी आणि नळी घेऊन आमच्या गोठ्यात आली आणि भिंतीवरचे डास धरून घेऊन गेली. त्यांच्यातल्या एकानं भिंगातून बघून ‘अॅनाफिलीस क्युलिसिफेसिस’ असं नाव सांगितलं. तरी आता डासांचे पाय डीएनए तपासणीला जाणार म्हणे. नाव कळलंय, तर पुन्हा तपासणी कशाला? आणि त्या डासांत मलेरिया होता का, हे त्यातनं कळेल का?
– एक शेतकरी, ता. राधानगरी

उत्तर: नाव बरोबरच सांगितलं असणार. पंखांवरचे ठिपके आणि सोंडेशेजारच्या मिशांवरचे पट्टे बघून सरावलेला माणूस ते ओळखतो. अडचण त्यापुढं आहे. या एका नावाखाली पाच जाती आहेत: ए, बी, सी, डी आणि ई. भिंगाखाली पाचही हुबेहूब. पण भारतात बी जात मलेरिया जवळजवळ पसरवत नाही, बाकीच्या पसरवतात. तुमच्या गोठ्यातले डास सगळे बी निघाले, तर मलेरियाचं मूळ दुसरीकडं शोधायला हवं, आणि औषध फवारणीही तिकडं.

श्रीलंकेत हेच झालं. तिथं फक्त बी आहे असं बरीच वर्षं मानलं जायचं, आणि तरी मलेरिया पसरवणारा मुख्य डास क्युलिसिफेसिसच होता. १९९९ मध्ये रामेश्वरमच्या डासांतून, नराच्या वाय गुणसूत्राच्या आकारावरून, ई ही जात वेगळी निघाली. पुढं ती श्रीलंकेतही सापडली आणि कोडं सुटलं.

डीएनएच्या आधी हे काम गुणसूत्रांवर चालायचं. पोटात अंडी अर्धवट वाढलेली मादी हवी, तिची अंडाशयं अल्कोहोल आणि अॅसिटिक आम्लात ठेवायची, मग जाड गुणसूत्रांवरचे पट्टे कुठं उलटे झालेत ते शोधायचं. सूक्ष्मदर्शकाखाली ते पट्टे फार देखणे दिसतात, मला ते काम मनापासून आवडायचं. पण नर आणि उपाशी माद्या त्यात बाद, आणि बी व ई यांचे पट्टे सारखेच.

पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या तपासणीला, एक पाय पुरतो, वाळलेला असला तरी. रायबोसोमल डीएनए (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा डीएनए) याच्या शेकडो प्रती पेशीत असतात, म्हणून एवढ्याशा पायातूनही तो मिळतो. त्यातला काही भाग सगळ्या जातींत सारखा, काही जातीगणिक बदलणारा. प्रायमर, म्हणजे प्रती काढायला जिथून सुरुवात होते तो डीएनएचा छोटा तुकडा, या बदलत्या जागेवर बसेल असाच बनवतात, त्यामुळं जात जुळली तरच प्रती निघतात आणि प्रत्येक जातीचा तुकडा वेगळ्या लांबीचा निघतो. हे तुकडे जेलमध्ये, म्हणजे घट्ट खळीसारख्या थरात, ठेवून वीज सोडली की आखूड तुकडा पुढं जातो, लांब मागं राहतो. आफ्रिकेतल्या गॅम्बी या मलेरियाच्या डासांच्या गटासाठी १९९३ मध्ये अशी चाचणी आली. तिच्यात गॅम्बी जातीचा तुकडा डीएनएच्या ३९० अक्षरांचा, त्याच गटातल्या अरेबिएन्सिस जातीचा ३१५ अक्षरांचा.

क्युलिसिफेसिसचं एका पायरीत भागत नाही. आधी त्याच रायबोसोमल डीएनएतल्या २८एस जनुकाच्या ‘डी३’ नावाच्या भागावरून ए आणि डी जाती एकीकडं, बी, सी आणि ई दुसरीकडं. मग मायटोकॉन्ड्रियातल्या (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातल्या) सीओ-दोन नावाच्या जनुकावरून आतली फोड. मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच येतो, म्हणून या दुसऱ्या पायरीत संकर झालेला डास कळत नाही, हेही ध्यानात असावं.

या सगळ्याच्या आधीची एक गोष्ट मला जेलइतकीच महत्त्वाची वाटते: चिठ्ठी. प्रत्येक डास वेगळ्या कुपीत, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या खड्यांवर कोरडा, आणि आत गाव, तारीख, गोठा की घर हे पेन्सिलीनं लिहिलेलं. शाईचं अक्षर अल्कोहोलमध्ये विरघळतं. आपल्याकडच्या पावसाळी हवेत कुपी ओलसर राहिली तर डासाला बुरशी धरते आणि डीएनए तुटतो. चिठ्ठी हरवलेल्या डासाची जात कळली तरी फवारणी कुठं करायची ते कळत नाही.

आता मलेरियाचं. पायावरून ते कळणार नाही. त्यासाठी डोकं आणि छाती वेगळी तपासतात, कारण चाव्यातून आपल्या अंगात येणारे परजीवी छातीतल्या लाळग्रंथींत असतात. पोट त्यात घेत नाहीत. नुकत्याच प्यायलेल्या रक्तातले परजीवी तिथं सापडले, तरी तो डास रोग पसरवतो असं ठरत नाही. पोटातलं रक्त माणसाचं की जनावराचं, हे मात्र डीएनएवरून निघतं.

ती माणसं पुन्हा आली, तर घरातल्या भिंतींवरचे डासही धरायला सांगा. फक्त गोठ्यात शोधलं की जनावरांना चावणारेच जास्त हाती लागतात. डोंगरपायथ्याच्या ओढ्यांत वाढणाऱ्या फ्लुव्हिएटिलिस या मलेरियाच्या दुसऱ्या डासाच्या गटात तर हा फरक फार मोठा आहे: एस जात माणसाला चावते, टी आणि यू बहुतेक गुरांना.