वाचकांचे प्रश्न : पुस्तकवेड्यांना भेट काय द्यावी?

प्रश्न : माझी मैत्रीण हाती लागेल ते वाचते. घरात भिंतभर पुस्तकं आहेत. तिच्याकडे नसलेलं आणि तिला आवडेल असं पुस्तक कसं निवडायचं?

तिच्या घरच्या कुणाकडून तरी पुस्तकांच्या कपाटाचे फोटो मागवून घ्या. पुस्तकांच्या कण्यांवरची नावं वाचता येतील इतक्या जवळून काढलेले हवेत. दुकानात जाऊन अंदाज बांधण्यापेक्षा या फोटोंतून कितीतरी जास्त कळतं. कणा सुरकुतलेला, कोपरे मऊ झालेले असतील तर ते पुस्तक पुन्हा पुन्हा हातात घेतलं गेलं आहे. ज्यांचा कणा अजून कडक आहे, ती बरेचदा भेट आलेली आणि न वाचलेली असतात. त्यांच्यावरून तिची आवड ठरवू नका. एखाद्या मालिकेतला मधलाच खंड नसेल तर तुमचा शोध तिथेच संपला.

आवडत्या लेखकाचं ताजं, गाजणारं पुस्तक मात्र टाळा. खरा चाहता ते तुमच्या आधी घेतो. त्याच लेखकाची पत्रं, मुलाखती, भाषणं, मुलांसाठी लिहिलेलं एखादं छोटं पुस्तक, असं कोपऱ्यात राहिलेलं काही बघा. अनुवादित पुस्तकं आवडत असतील तर अनुवादकाच्या नावाने शोधा. चांगला अनुवादक पुस्तकही पारखून निवडतो, हा मार्ग फार कमी लोक वापरतात.

ऑनलाइन मागवताना नुसतं नाव जुळवून भागत नाही. मलपृष्ठावरचा आयएसबीएन, म्हणजे त्या आवृत्तीचा ओळख क्रमांक, जुळवा. २००७ पासून तो १३ आकडी आहे, त्याआधी १० आकडी होता. कच्च्या बांधणीचा क्रमांक वेगळा, पक्क्या बांधणीचा वेगळा, संक्षिप्त आवृत्तीचा आणखी वेगळा. नावावर विसंबलं की संपूर्ण कादंबरीऐवजी तिची संक्षिप्त आवृत्ती घरी येते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच राहून जातं : कागदात गुंडाळण्याआधी पुस्तक तपासा. मोठ्या कागदावर पानं छापून त्याच्या घड्या घालतात. अशा एका घडीला फर्मा म्हणतात आणि तो बहुधा १६ पानांचा असतो. बांधणीत कधी एखादा फर्मा गळतो, कधी दोनदा लागतो, कधी उलटा बसतो. पान ९६ नंतर एकदम ११३ आलं, तर मधला पूर्ण फर्मा गेला आहे. शेवटपर्यंत पृष्ठक्रमांकांवरून नजर फिरवायला पाच मिनिटं पुरतात. ती दिली नाहीत तर ही चूक मैत्रिणीला काही महिन्यांनी, कथा रंगात आलेली असताना कळेल. तोवर बदलून घ्यायची मुदत गेलेली असेल, आणि भेट म्हणून मिळालेल्या पुस्तकाबद्दल ती तुम्हाला काही बोलणारही नाही.

दोन ओळी जरूर लिहा, पण पुस्तकावर नको, वेगळ्या कार्डावर. पेनाने नाव घातलेलं पुस्तक दुकानदार परत घेत नाही. पावती जपून ठेवा. तेच पुस्तक तिच्याकडे निघालं तर बदलून घेऊ, असं देतानाच मोकळेपणाने सांगून टाका.

प्रश्न : वडील पंचाहत्तरीचे आहेत. वाचनाची आवड तशीच आहे, पण बारीक अक्षरं दिसत नाहीत. ई-रीडर द्यावा का?

आधी डोळे तपासून घ्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल किंवा मोतीबिंदू असेल तर नुसत्या यंत्राने भागणार नाही. मग त्यांची वाचायची जागा बघा. वयाबरोबर डोळ्याची बाहुली लहान होत जाते आणि आत उजेड कमी शिरतो. म्हणून तरुणाला पुरणारा दिवा त्यांना पुरत नाही. मान वळवता येणारा दिवा खांद्याच्या मागून, थोडा बाजूने पानावर पडेल असा लावा. बऱ्याच घरांत एवढ्यानेच वाचन पुन्हा सुरू होतं.

ई-रीडर घ्यायचाच असेल तर ई-इंकच्या, म्हणजे छापील कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचा घ्या. त्यातला उजेड पडद्यावर पसरतो, मोबाइलसारखा मागून डोळ्यांवर येत नाही. छापील पुस्तकातलं अक्षर साधारण १० ते १२ पॉइंटचं असतं, मोठ्या अक्षरांच्या आवृत्तीत १६ किंवा त्याहून मोठं. ई-रीडरवर ते हवं तेवढं वाढवता येतं. पण इथे एक मोठी अडचण आहे. जुनी पुस्तकं बरेचदा स्कॅन केलेल्या पीडीएफ स्वरूपात मिळतात. त्यांतलं पान म्हणजे एक चित्र असतं. अक्षर मोठं केलं की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीला पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. सहा इंची पडद्यावर असं वाचताना माणूस चार पानांत कंटाळतो. म्हणून त्यांच्या आवडीच्या दहा पुस्तकांची यादी करा आणि त्यांतली किती ईपब किंवा तत्सम, म्हणजे अक्षर वाढवलं तरी ओळी पडद्यात मावतील अशा, स्वरूपात मिळतात ते खरेदीआधी पाहा. दोन-तीनच मिळत असतील तर यंत्र घेऊ नका. जोडाक्षरं नीट उमटतात का, हेही एक मराठी पुस्तक उघडून तपासा.

घेतलंत तर डबा तसाच हातात ठेवू नका. खातं उघडा, वायफाय जोडा, अक्षराचा आकार ठरवा, चार पुस्तकं उतरवा आणि पहिलं पुस्तक उघडून मगच द्या. बोटं थरथरत असतील तर पान उलटायला बटण असलेलं यंत्र बरं, कारण स्पर्शाच्या पडद्यावर पान दोनदा उलटतं.

यंत्र नकोच म्हणाले तर स्टँडवर बसणारं, दिव्याचं आयताकृती भिंग द्या. दुप्पट मोठं दाखवणारं पुरे. भिंग जितकं जास्त ताकदीचं, तितके कमी शब्द एका वेळी दिसतात.

प्रश्न : पुस्तक सोडून काय देता येईल? बुकमार्कचे संच बरे का?

पातळ कागदी किंवा कापडी पट्टी असेल तर बरे. जाड धातूची क्लिप पानावर वळ उठवते आणि कण्यावर ताण आणते. चिकटणाऱ्या चिठ्ठ्या महिनोन्‌महिने राहिल्या तर त्यांचा गोंद कागदात उतरतो. समासात टिपणं करणाऱ्याला चांगल्या मऊ शिशाच्या पेन्सिली द्या, जाडजूड ग्रंथ वाचणाऱ्याला पुस्तक उघडं धरणारा स्टँड. पुस्तकाला लावायचा दिवा घ्याल तर वजनाने हलका आणि पिवळसर उजेडाचा, २७०० ते ३००० केल्विनचा घ्या. जड दिव्याने कच्च्या बांधणीचं पुस्तक सारखं मिटतं.

प्रश्न : जुन्या बाजारात एक दुर्मीळ पुस्तक मिळालं. भेट द्यायचं आहे, पण पानांना भोकं आहेत आणि कुबट वास येतो.

पुस्तक पांढऱ्या कागदावर हलकेच आपटा. ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे असं समजा आणि ते दुसऱ्याच्या कपाटात पाठवू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड घट्ट बंद करा आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नका, नाहीतर थंड कागदावर हवेतलं पाणी धरतं. चामडी बांधणी असेल किंवा आत फोटो चिकटवलेले असतील, तर हा उपाय घरी करू नका, जाणकार बाइंडरला दाखवा.

वासासाठी झाकणाच्या डब्यात पुस्तक उभं, पानं जरा उघडी ठेवा आणि शेजारी वाटीत खायचा सोडा. सोडा पानांना लागता कामा नये. आठवडाभर तरी जाऊ द्या. अत्तर किंवा डांबरगोळ्या नकोत, त्यांचा वास कागदातून निघत नाही. फाटलेल्या पानाला सेलोटेप तर अजिबात लावू नका. ती पिवळी पडते, सुटते आणि डाग मागे ठेवते. कुबट वासाबरोबर हाताला ओलसर बुरशी लागत असेल, तर ती प्रत भेट द्यायच्या लायकीची नाही. दुसरी शोधा.