हृदयतज्ज्ञ रुग्ण सोडून संशोधनात का रमतात?

'रुग्ण सोडून' असं नसतंच मुळी. यूजीन ब्राउनवाल्ड यांचंच बघा. जन्म १९२९ चा, व्हिएन्नातला. नाझींमुळे लहानपणीच देश सुटला आणि पुढे अमेरिकेत ते हृदयतज्ज्ञ झाले.

तेव्हा समज असा होता की धमनी बंद पडली की हृदयाचा किती भाग मरणार हे तिथेच ठरतं. ब्राउनवाल्ड यांच्या गटाने कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी बांधली आणि हृदयाच्या पृष्ठभागावर जागोजागी ईसीजी घेतला. औषधाने हृदयाचं काम हलकं केलं की इजा कमी, वाढवलं की जास्त! हे काम १९७१ मध्ये छापून आलं. म्हणजे स्नायू वाचवता येतो. हार्ट अटॅक आल्यावर आज जी धावपळ करतात, तिच्या मुळाशी हाच विचार आहे, आणि मला तो फार मोठा वाटतो.

१९८४ मध्ये त्यांनी टिमी हा संशोधन गट उभा केला. गुठळी विरघळवणाऱ्या औषधांच्या चाचण्या त्यांनी खऱ्या रुग्णांवर घेतल्या. आजही अँजिओग्राफी करताना डॉक्टर 'टिमी शून्य' म्हणजे प्रवाह पूर्ण बंद, 'टिमी तीन' म्हणजे मोकळा, असंच बोलतात.