डिडन्ट यूज टू: डी लावायचा की गाळायचा?

ताई, मुलाने ‘देअर डिडन्ट यूज टू बी अ स्टेशन ॲट थिवी’ (पूर्वी गोव्यात थिवीला स्टेशन नव्हतं) असं लिहिलं, टीचरने यूजला डी जोडला आणि अर्धा मार्क कापला, असंच ना? वर डी हवा आणि डी नको असे दोन तट पडलेत ते वाचले. मी डिचोलीत दहावीच्या शिकवण्या घेतो, हा डी दरवर्षी कोणाच्या तरी पेपरात निघतोच. माझ्या मते मुलगा बरोबर आहे. (वाक्यही खरं आहे, १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, ती यायच्या आधी थिवीला कसली गाडी येणार!)

कारण साधं आहे, डिड आलं की पुढचं क्रियापद मूळ रूपात येतं. डिडन्ट गो, डिडन्ट ईट, डिडन्ट वेन्ट कोण लिहितं? भूतकाळ डिडने सांगून टाकला, परत डी कशाला. केंब्रिज डिक्शनरीच्या व्याकरणाच्या भागात स्पष्ट आहे की डी वालं रूप लोक लिहितात पण परीक्षेत लिहू नका. टीचरना तेवढं पान दाखवा, शांतपणे.

पण टीचरने अगदीच मनातलं काढलंय असंही नाही. अमेरिकेतले ब्रायन गार्नर, इंग्रजी वापरावर मोठा कोश लिहिलेले, ते डी ठेवण्याच्या बाजूचे आहेत. त्यांचं म्हणणं, यूज्ड टू हा आता गोठलेला तुकडा आहे, त्याला सुट्या क्रियापदासारखं वाकवायचं नाही. यात तथ्य आहे, कारण या यूजला वर्तमानकाळ उरलेलाच नाही. पूर्वी होता, १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये सवय सांगणारा यूज वर्तमानकाळातही सापडतो, पुढे तो गळला आणि भूतकाळ तेवढा राहिला. तरी मला हा युक्तिवाद पुरत नाही. ‘ही यूज्ड टू कम’ ला टॅग, म्हणजे शेवटचा छोटा प्रश्न, काय लावता? डिडन्ट ही. म्हणजे इंग्रजीने त्याला डिड जोडून कधीच साधं क्रियापद करून टाकलंय, मग फक्त डी पुरताच हट्ट कशाला.

आणि हा वाद निव्वळ कागदावरचा आहे हे लक्षात घ्या. वापरलं या अर्थाचा यूज्ड म्हणताना झ सारखा आवाज येतो, सवयीच्या यूज्ड टू मध्ये स येतो, यूस्टू, आणि डी पुढच्या टी मध्ये विरघळून जातो. बोलताना डी आहे की नाही हा फरक इंग्लंडच्या माणसालाही ऐकू येत नाही, म्हणून तर त्यांच्याकडेही लिहिताना गोंधळ होतो.

कोणीतरी वर यूज्ड नॉट टू सुचवलंय. चूक नाही, पण जुनं ब्रिटिश वळण आहे, दहावीच्या निबंधात फार ताठ वाटतं. डिडन्ट यूज टू च्या जागी वुडन्ट मात्र सांभाळून. ‘माय ग्रँडफादर वुडन्ट ईट फिश ऑन मंडेज’ म्हटलं की आजोबा सोमवारी नुस्तें खात नसत एवढंच नाही, कोणी वाढलं तरी ताट सरकवत असत असाही वास येतो. आणि स्टेशन नसणं, पूल नसणं ही सवय नव्हे, स्थिती, तिथे वुडन्ट चालतच नाही.

खरं सांगू का, आपल्याकडची मोठी चूक ही नव्हेच. ‘आय यूज टू गो बाय कदंबा’ असं म्हणणारे कितीतरी भेटतात, म्हणजे पूर्वी जायचो, आता नाही, आणि माणूस आजही त्याच सकाळच्या बसने पणजीला जात असतो! तिथे आय गो किंवा आय युज्वली गो. दुसरी चूक, ‘आय वॉज नॉट यूज्ड टू गो’, हे सवय नव्हती म्हणायचं असेल तर शेवटी गोइंग पाहिजे, आणि जात नसे म्हणायचं असेल तर वॉज नॉट काढून डिडन्ट यूज टू गो.

मुलाला सांगा, टीचर ऐकत नसतील तर सरळ ‘नेव्हर यूज्ड टू’ लिही. डिड नाही त्यामुळे डी हवाच, त्यावर कोणाचं दुमत नाही. नाहीतर ‘देअर वॉज नो स्टेशन ॲट थिवी देन’, हे तर मलाच सगळ्यात आवडतं. अर्ध्या मार्काचं म्हणाल तर मागा जरूर, पण मुलासमोर टीचरशी हुज्जत घालू नका, वर्ष अजून बाकी आहे.