'च' खोडून पाहा

प्रश्न : आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा शंका-समाधान असतं. लोक पेटीत चिठ्ठ्या टाकतात, जाणकार उत्तरं देतात. पाणी नाहीतर आरक्षण निघालं की सभा भांडणावर येते. असे विषय बंदच करा, असं काही सभासद म्हणतात. काय करावं?
– एक ग्रंथपाल, जि. लातूर

उत्तर : बंद करू नका. ज्या गोष्टीवरून पारावर आवाज चढतात, तिची खरी माहिती वाचनालयात मिळाली नाही तर मोबाइलवर फिरणारा मजकूरच खरा ठरतो. बहुतेक भांडणांचं मूळ चिठ्ठीच्या शब्दांत असतं. विचारणाऱ्याने प्रश्नातच उत्तर भरून ठेवलेलं असतं आणि ते ऐकूनच अर्धी सभा दुखावते.

एक चिठ्ठी हातात घ्या : 'नगर-नाशिकवाले दरवर्षी आमचंच पाणी का अडवतात?' यातलं 'दरवर्षी' खोडा, 'आमचं' खोडा आणि मुख्य म्हणजे तो 'च' खोडा. मराठीत आरोप बहुधा या एका अक्षरात बसलेला असतो. मग उरतं ते असं : 'वरच्या धरणांतून जायकवाडीला पाणी कधी आणि कोणत्या नियमाने सोडतात?' याचं उत्तर देता येतं. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाची तरतूद आहे. गोदावरी खोऱ्यातल्या धरणांचे नियम सुचवणाऱ्या मेंढेगिरी समितीच्या अहवालाच्या आधारे प्राधिकरणाने २०१४ मध्ये आदेश दिला. त्या आदेशानुसार १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा पाण्याचा हिशेब (साठा अधिक खरिपातला वापर) ६५ टक्क्यांच्या खाली असेल, तर मुळा, भंडारदरा-निळवंडे, गंगापूर, दारणा, पालखेड या धरणसमूहांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. एवढं फळ्यावर लिहिलं की चिडून आलेला माणूसही नेमकं विचारू लागतो : यंदा साठा किती होता, किती सोडलं, पोचलं किती?

प्रश्न बदलला तर सभेआधी विचारणाऱ्याला दाखवा आणि त्याची संमती घ्या. न सांगता बदललात, तर आपलं तोंड दाबलं असंच त्याला वाटेल, आणि ते वाटणं रास्त आहे. म्हणून चिठ्ठीखाली नाव-नंबराला जागा ठेवा, सभेत मात्र नाव वाचू नका. पेटी आठ दिवस आधी उघडा. चिठ्ठ्या एकट्याने निवडू नका. वेगवेगळ्या गल्लीचे, समाजाचे तिघं बसवा. बाजूला ठेवलेल्या चिठ्ठीवर कारण लिहा आणि ती जपून ठेवा. आमची चिठ्ठी फाडली, ही कुजबुज सभेतल्या भांडणापेक्षा जास्त दिवस टिकते.

आरक्षणाचंही असंच. 'कुणबी नोंद शोधायला खासरा पत्रक, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर कुठे पाहायचं?' हा माहितीचा प्रश्न. तहसीलमधला जाणकार बोलवा. 'त्यांना द्यावं का?' हा मताचा. मताचा प्रश्न वर्ज्य नाही, पण त्याच दमात घेऊ नका. आधी माहिती, मग चहा, मग दोन्ही बाजूंचा एकेक वक्ता, घड्याळ लावून सात-सात मिनिटं. स्वतः पाहिलेलं किंवा कागदावर दाखवता येईल तेवढंच बोलायचं, ही अट आधी सांगा. शेवटी हात वर करायला लावू नका. लहान गावात कुणाचा हात कुठे होता, हे वर्षभर लक्षात राहतं.

१९४८ बद्दलच्या, म्हणजे निजामाचं हैदराबाद संस्थान भारतात आलं त्या काळाबद्दलच्या चिठ्ठ्यांना सर्वांत जपा. निजामाच्या बाजूने लढणाऱ्या रझाकारांच्या अत्याचारांवर प्रश्न आला, तर पोलीस कारवाईनंतर मुसलमान वस्त्यांवर काय गुदरलं, तेही त्याच दिवशी घ्या. पंडित सुंदरलाल समिती त्याचसाठी उस्मानाबाद, नांदेड भागांत फिरली होती. अर्धाच प्रश्न घेतला, तर उरलेला अर्धा सभागृहात गप्प बसून राहतो. गावातल्या हयात घराण्यांची नावं मात्र सभेत उच्चारू नका. आजोबांनी केलेल्याचा जाब नातवाला चारचौघांत विचारला जाऊ नये. वृद्धांच्या आठवणी त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या परवानगीने टिपून ठेवा.

प्रश्न : चिठ्ठीत कुणाच्या घरातली गोष्ट, नावानिशी आली तर?
– तेच ग्रंथपाल

उत्तर : ती सभेत वाचायची नाही, नाव वगळूनही नाही; नाव काढलं तरी गाव ओळखतं. निवडणाऱ्या तिघांपलीकडे ती जाऊ देऊ नका. मारहाण किंवा बालविवाहाचा संशय असेल तर त्याच दिवशी १८१ किंवा १०९८ वर कळवा. सभेची वाट पाहू नका.