नेमणुकीची वही

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा सभेत आपल्या कबड्डीच्या पंचमंडळाच्या सचिवपदासाठी तुझं नाव निघालं आणि दुसरं नाव कुणी सुचवलंच नाही. टाळ्या झाल्या, वडा-चहा झाला. जिना उतरताना तू हळूच विचारलंस, "काका, आता नेमकं करायचं काय?" जिन्यात उभ्या-उभ्या सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय.

मैदानात तू काय करतेस ते मी इतकी वर्षं पाहतोय. चढाईपटू बोनसला जातो, म्हणजे एक पाय बोनस रेषेपलीकडे टाकून मागचा हवेत ठेवत जादा गुण घ्यायला जातो, तेव्हा सगळ्यांचे डोळे त्याच्या चेहऱ्याकडे असतात, तुझे त्याच्या मागच्या पायाकडे असतात. तिथे मी तुला काही शिकवावं असं उरलेलं नाही. पण मंडळ चालवणं हे शिट्टीचं काम नाही. सामना चाळीस मिनिटांचा. मंडळाचं काम पंच घरून निघतो तेव्हा सुरू होतं आणि तो रात्री सुखरूप घरी पोचतो तेव्हा संपतं. त्या दोन टोकांच्या मध्ये आपला माणूस एकटा पडता कामा नये. मी एकदा एकाला एकटं पाडलं. ते आधी सांगतो, बाकीचं नंतर.

सचिव होऊन मला दोनच वर्षं झाली होती. खाडीपलीकडच्या एका गावात मातीवरची स्पर्धा होती. मैदान एकच, त्यावर आधी महिलांचा उपांत्य सामना आणि लगेच पुरुषांचा. मापं तुला पाठ आहेत, तरी लिहितो, कारण जे झालं ते त्या मापांतच झालं. पुरुषांचं मैदान १३ मीटर बाय १०, महिलांचं १२ बाय ८. पुरुषांची निदान रेषा, चढाईत जी ओलांडावीच लागते ती, मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर, बोनस रेषा तिच्यापुढे एक मीटर, म्हणजे ४.७५ वर. महिलांची निदान रेषा ३ मीटरवर आणि बोनस ४ मीटरवर. म्हणजे महिलांची बोनस रेषा पुरुषांच्या निदान रेषेपासून फक्त २५ सेंटीमीटर पुढे. वीतभराहून जरा जास्त. आयोजकांनी दुपारीच पांढऱ्या फक्कीने दोन्ही आखून ठेवल्या होत्या. महिलांचा सामना संपला, पण त्यांच्या रेषा कुणी पुसल्या नाहीत. झाडू नाही, पाणी नाही. मी तिथेच खुर्चीत बसलो होतो. मीही पुसायला सांगितलं नाही.

शेवटची दोन मिनिटं. यजमान गावाचा संघ एका गुणाने मागे, समोर सहा जण उभे, म्हणजे बोनस मिळू शकत होता. त्यांचा चढाईपटू आत घुसला, पुढचा पाय महिलांच्या बोनस रेषेपलीकडे टाकला, मागचा पाय हवेत, आणि हात उंचावत परत आला. अख्ख्या गावाने आरोळी ठोकली. आपल्या पंचाने मान हलवली. बोनस नाही. त्याचं बरोबर होतं. पुरुषांची बोनस रेषा अजून पाऊण मीटर पुढे होती. पण लोकांना दिसली ती एक पांढरी रेषा आणि तिच्यापलीकडे पडलेला पाय.

यजमान तो सामना एका गुणाने हरले. मग अर्धा तास जे चालायचं ते चाललं. शेवटी आयोजकांतला एक वजनदार माणूस माझ्याजवळ येऊन म्हणाला, "फायनलला हा पंच नको, पोरं ऐकणार नाहीत." मी वही उघडली, त्याचं नाव खोडलं, दुसऱ्याचं लिहिलं. त्याला बाजूला घेऊन म्हणालो, तुझ्याच भल्यासाठी करतोय. तो काही बोलला नाही. चार दिवसांनी कोपरीला माझ्या घरी आला आणि मंडळाचं स्टॉपवॉच रुमालात गुंडाळलेलं टेबलावर ठेवलं. "सेल नवीन घातलाय," एवढंच म्हणाला. चहासुद्धा घेतला नाही. त्यानंतर तो कुठल्याच मैदानावर दिसला नाही, प्रेक्षकांतसुद्धा नाही.

तो चुकला नव्हता. मी दोनदा चुकलो. एकदा रेषा पुसून न घेता आणि एकदा त्याचं नाव खोडून. पहिली चूक कुणाच्याही हातून होते. दुसरी मला अजून सलते.

म्हणून पहिली गोष्ट. नाव एकदा वहीत चढलं की आयोजकाच्या सांगण्यावरून ते खोडायचं नाही. वातावरण तापलं तर सामना थांबव. पोलिसांना फोन कर. फायनल दुसऱ्या दिवशी घ्यायला लाव. पंच बदलू नकोस. तू एकदा बदललास की पुढच्या प्रत्येक मैदानावर कुणीतरी येऊन तेच मागेल, आणि आपली पोरं निर्णय देताना रेषेकडे बघण्याआधी गर्दीकडे बघायला लागतील.

दुसरी गोष्ट, पहिल्या सामन्याच्या तासभर आधी दोघांनी मेजरटेप घेऊन मैदानात पोचायचं. मॅटवर हा प्रश्न फारसा येत नाही, पण आपल्याकडे गावागावांत अजून माती आहे, आणि माती आहे तोवर फक्की आहे. महिलांचा सामना झाला की त्यांच्या रेषा पुसून घ्यायच्या. मध्यंतराच्या पाच मिनिटांत पुरुषांच्या रेषा पुन्हा मारून घ्यायच्या, कारण वीस मिनिटांच्या झटापटीत त्या अर्ध्या उडालेल्या असतात. आयोजक कुरकुरतील. कुरकुरू देत.

आता वहीबद्दल. नेमणुकीची वही हीच सचिवाची खरी परीक्षा आहे. मी तीत चार रकाने आखत आलोय: तारीख, मैदान, पंच, आणि शेवटचा रकाना नात्याचा. कोण कुठल्या संघातून खेळला, कोणाचा भाचा सध्या कुठे खेळतो, कोणाची सोयरीक कुठल्या गावात, हे सगळं त्यात. कळवा, खारेगाव, दिवा, तिकडे घणसोली-कोपरखैरणे, आगरी-कोळी गावांत सोयरसंबंधांचं जाळं इतकं दाट आहे की एखाद्या पंचाचा मामेभाऊ समोरच्या संघात निघणं रोजचंच. पंच प्रामाणिक असतो, तरी त्याला तिथे उभं करायचं नाही. त्याने दिलेला बरोबर निर्णयही लोक नात्यात मोजतील, आणि ते ओझं आपण त्याच्यावर टाकायचं नाही. हा रकाना कुणाला दाखवू नकोस. तो संशयाने भरायचा नसतो, त्या माणसाला जपण्यासाठी भरायचा असतो.

नव्या मुलांना घाईने शिट्टी देऊ नकोस. आधी सहाय्यक गुणलेखक म्हणून अंतिम रेषेशी बसव. बाद झालेले खेळाडू कुठल्या क्रमाने बसले, कुठल्या क्रमाने उठले, हे सांभाळता आलं की खेळ आतून कळायला लागतो. मग गुणलेखक, मग पंच, आणि सरपंच, म्हणजे सामन्याचा मुख्य पंच, सगळ्यात शेवटी. एका सामन्याला सहा माणसं लागतात. त्या सहांत निदान दोन जुने आणि एक अगदी नवा असावा. सगळे जुने पाठवले तर सामना सुरळीत होतो, पण पाच वर्षांनी तुझ्याकडे पंच उरत नाहीत.

जुन्यांचा विषय निघालाच आहे. आपल्यातल्या एका ज्येष्ठांबद्दल तुला बोलावं लागणार आहे. कोण ते तुला कळलं असेल. त्यांनी मला शिट्टी धरायला शिकवलं. आता फ्लडलाइटखाली त्यांना लॉबीची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीची, जिथे कुणाला शिवल्याशिवाय गेलं की बाद, ती रेषा नीट दिसत नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि आपल्यालाही. तरी फायनलला आपलं नाव असावं ही त्यांची इच्छा असते. हे मी टाळत आलो, आणि ते काम आता तुझ्या वाट्याला येतंय, याचं मला वाईट वाटतं. फोनवर बोलू नकोस. घरी जा. त्यांना सांग की गुणपत्रक कसं लिहायचं ते नव्या मुलांना तुमच्याशिवाय कोण शिकवणार. ही नुसती समजूत नाही, खरोखरच तसं आहे. त्यांच्या हातचं गुणपत्रक मी जपून ठेवलंय, एकही खाडाखोड नसलेलं. ते सोबत घेऊन जा.

रात्रीच्या प्रवासाची काळजी तू स्वतः घेशील, कारण तू ते भोगलं आहेस. तरी लिहून ठेवतो. उपांत्य आणि अंतिम सामने एकाच रात्री ठेवले की बक्षीस समारंभ मध्यरात्रीपर्यंत लांबतो. ठाण्याहून घणसोलीला जाणाऱ्याला ट्रान्सहार्बर लोकलची शेवटची गाडी पकडायची असते, आणि भिवंडीकडच्याला रिक्षा किंवा कुणाची तरी बाईक एवढाच आधार. आयोजकांना आपण पत्र देतो त्यातच घाल की पंचांना घरी सोडायची सोय तुमची. महिला पंच असतील तर कपडे बदलायला बंद खोली आणि वापरण्याजोगं स्वच्छतागृह असलंच पाहिजे, नाहीतर नेमणूक नाही. तू पंच म्हणून नवी होतीस तेव्हा एका मैदानावर तुला शाळेच्या बंद वर्गामागे कपडे बदलावे लागले होते, हे मला कितीतरी दिवसांनी दुसऱ्याकडून कळलं. मी सचिव होतो. मी विचारायला हवं होतं.

मानधन त्याच रात्री, मैदानावरच, पाकिटात, सहीनिशी द्यायचं. मंडळाचा हिस्सा कापायचा तर पावती फाडून. "नंतर बघू" हे आयोजकांकडूनही ऐकून घ्यायचं नाही आणि आपणही म्हणायचं नाही. आणि कागदांचं एक काम लगेच कर. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. माझ्या हातून एकदा तो राहिला आणि बँकेत सह्या बदलता बदलता नाकीनऊ आले.

पावसाळ्यात माती ओली असते, मैदानं बंद असतात, तेव्हा वर्ग घे. १५ जुलैला, कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला, आपण कबड्डी दिन पाळतोच. त्याच आठवड्यात सुरुवात कर. नियमांचं पुस्तक वाचून दाखवणारे वर्ग मी फार घेतले, त्यातून कुणी शिकलं नाही. एक प्रसंग घे आणि त्यावर भांडू दे सगळ्यांना. २०२३ ची हांगझोऊची आशियाई स्पर्धा घे, भारत-इराण अंतिम सामना. २८-२८ अशी बरोबरी, मिनिटभर उरलेलं, आणि भारताचा चढाईपटू पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला. त्याच्यामागे इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. जुन्या नियमाने मागून उतरलेलेही बाद, नव्याने फक्त चढाईपटू बाद. निर्णय एकदा इकडे, एकदा तिकडे, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले, तासभराच्या आसपास खेळ अडकला. शेवटी भारत ३३-२९ ने जिंकला. तो सामना पाहताना मी जिंकल्याचा आनंद धरू शकलो नाही, सगळा जीव त्या पंचांत अडकला होता. एवढ्या मोठ्या मॅटवर, जगासमोर, कुठला नियम लागू आहे यावर त्यांना चर्चा करावी लागत होती.

आपल्या मैदानांवरही हेच होतं, फक्त कॅमेरे नसतात. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली तेव्हापासून प्रत्येक पोरगा टीव्हीवरचे नियम पाठ करून येतो. दोन रिकाम्या चढायांनंतरची तिसरी चढाई निर्णायक आहे का? रिव्ह्यू मिळेल का? बरोबरी झाली तर ५-५ चढाया, आणि त्यानंतरही बरोबरी राहिली तर निकालासाठी सुवर्ण चढाई, हे ठरलंय का? पहिल्या दिवशी दोन्ही कर्णधारांना आणि आयोजकांना समोर उभं करून हे वाचून दाखवायचं, आणि कागदावर त्यांच्या सह्या घ्यायच्या. लॉबीचा नियम तर दोनदा वाच.

मोबाइलच्या क्लिप येतील. रात्री साडेबाराला ग्रुपवर येईल, "हा बघा पंचांचा निर्णय." उत्तर देऊ नकोस, कुणाला देऊही नकोस. कोपऱ्यातून तिरक्या घेतलेल्या क्लिपमध्ये मागचा पाय टेकलेला आहे की हवेत, हे तुला आणि मलाही सांगता येत नाही. ज्याला हरकत घ्यायची आहे त्याने कर्णधारामार्फत, लेखी घ्यावी. आलेली प्रत्येक हरकत मात्र वाच, आणि पंच चुकला असेल तर ते मंडळाच्या बैठकीत, त्याच्यासमोर, स्पष्ट बोल. पाठीशी उभं राहणं म्हणजे चूक झाकणं नव्हे. मैदानावर त्याच्या बाजूला उभी राहा आणि बैठकीत त्याच्या समोर बस.

पण त्याच रात्री नको. त्या रात्री त्याला फक्त घरी पोचवायचं. सकाळी नऊच्या सुमारास फोन कर, आधी झोप झाली का विचार, जेवला होता का विचार. पहिल्या हंगामात ज्याला लोकांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या त्या पोराला दुसऱ्या दिवशी सकाळी कुणाचाच फोन आला नाही तर दुसऱ्या हंगामात तो येत नाही. मी हिशेब केलाय. माझ्या काळात गेलेल्यांपैकी बहुतेक असेच गेले. मानधन कमी म्हणून गेलेला मला एकही आठवत नाही.

रविवारी सकाळी कोपरीला ये. वह्या, शिक्का आणि कपाटाची किल्ली द्यायची आहे. स्टॉपवॉचही तिथेच आहे, रुमालासकट. सेल दर हंगामाला मी बदलत आलोय. आणि ज्याने ते परत आणून दिलं त्याचा पत्ता मी शोधून काढलाय. तो आता ऐरोलीला राहतो. तुला वेळ असेल तर तिथून आपण दोघं त्याच्याकडे जाऊ. मला त्याची माफी मागायची आहे, आणि नव्या सचिवाशी त्याची ओळख करून द्यायची आहे.

तुझा,
काका